पवन्याचं बी

“औंदा दसऱ्याच्या आतच विळे लावू. मंग शेजारच्या गावाचं भ्या नाय अन् कुसळाचंबी नाय.”

पारावर सरपंचकाका माझ्या काकूंना सांगत होते. मी पलीकडे गवताचं रजिस्टर भरत होते. माझ्यासमोर बोललं तरी चालतं, असं गावानं केव्हाच ठरवलं होतं.

अजिंठ्याकडचं हे आमचं मूळ गाव. मी वाढले औरंगाबादेत, इंग्रजी शाळेत. डिग्री झाल्यावर गावच्या डोंगरावर चराईबंदी झाली, तिची नोंद ठेवायला कुणीतरी हवं होतं म्हणून मी आले आणि काकूंकडे राहिले. डोंगराचा माथा उघडा पडला होता. पावसाबरोबर माती वाहून तलावात बसायची आणि तलाव उन्हाळ्याआधीच आटायचा. त्या मातीला धरून ठेवणारं गवत म्हणजे पवन्या. माथ्यावर तो आता कुठे तुरळक उगवला होता.

गावाची रीत अशी, की नारळ फुटला की सगळ्या घरांनी एकाच दिवशी सगळा डोंगर कापायचा. कुणी पुढे नको, कुणी मागे नको. त्यामुळे भांडणं होत नसत, हे खरं. पण खालच्या उतारावर कुसळी असते. तिला कुसळं धरली की जनावरांच्या तोंडाला टोचतात, म्हणून ती लवकर कापावी लागते. तिच्याबरोबर वरचा पवन्याही जायचा, बी पडण्याआधीच. मागच्या वर्षी हे मला दिसलं होतं. मी वहीत लिहिलं, इंग्रजीत, आणि गप्प बसले. या वर्षी माथ्याच्या एका बाजूला नुसती कुसळी उगवली.

दुसऱ्या दिवशी मी चाचांबरोबर वर गेले. गावात सगळ्यांत जास्त बकऱ्या त्यांच्या. बंदी लागल्यापासून त्या दावणीला होत्या आणि चाचा बांधाबांधानं पाला गोळा करत फिरत. त्यांनी पवन्याचं कणीस तळहातावर चोळलं. हिरवट ओल उमटली.

“अभी दूध है, बेटा. दाना पकना होना.”

हे कापणीच्या बैठकीत तुम्हीच सांगा, असं मी त्यांना म्हटलं. ते हसले.

“मैं बोला तो बोलेंगे, इसकू बकऱ्यां छोडनी हैं. तू बोल.”

उतरताना मी वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत यायचं. घरी काकूंना विचारलं, बैठकीत बायका बोलतात का? काकू भाकरी थापत म्हणाल्या, बोलतात की, घरी आल्यावर.

बैठक मारुतीच्या देवळापुढे भरली. बायका कडेला बसल्या, मी काकूंच्या मागे. सरपंचकाकांनी सोमवार ठरवला. कुणाची हरकत? असं विचारून उत्तराची वाट न बघताच ते नारळ कुणी आणायचा यावर गेले. चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी मुद्दामच बघितलं नसावं.

मी उभी राहिले. काकूंनी पदर ओढला, मग सोडला. माझा आवाज मलाच बारीक वाटत होता. खालची कुसळी सोमवारी कापा, पण वरचा पट्टा सोडा, एवढं कसंबसं बोलले. मागून कुणीतरी म्हणालं, सोडलेलं गवत शेजारच्या गावचे नेतील, मग मॅडम वहीत लिहून ठेवतील. हशा पिकला. काकूही हसल्या.

सरपंचकाका मात्र हसले नाहीत. “पोरी, समद्यांनी एकाच दिशी कापायची रीत हाय. ती मोडली तर ज्याला वाटंल तो वर जाईल. राखणार कोण?”

ते खोटं नव्हतं. मी चपला घातल्या आणि काकूंच्या पुढे येऊन उभी राहिले.

“मी राखते. उद्यापासून, बी पडेपर्यंत. सकाळी वर जाईन, दिवस मावळला की उतरेन. बी पडलं की मी सांगेन, मग वरचा पट्टाही एकाच दिवशी कापा, सगळ्यांनी मिळून. पण त्याच्या आधी वर विळा लावायला कुणी आलं, तर मी त्याला परत पाठवीन. काका, तुम्ही आलात तरी.”