दप्तराची आरती

वसुंधरा गुप्ते यांना कुणी 'रिटायर्ड' म्हटलं की त्या म्हणतात, नोकरीतून, डोक्यानं नव्हे. सत्तरीला टेकल्या आहेत, कारेलीबागेत राहतात, अजून स्कूटर चालवतात आणि पुढचा रेंगाळला की हॉर्न दाबून धरतात.

नंदेसरीच्या एका रंगांच्या कारखान्याचं ऑफिस त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. पणजोबा बडोदे संस्थानच्या दप्तरखान्यात होते, त्यामुळे कपाटात फायली उभ्या करणं बाईंना थिल्लरपणा वाटे. त्यांचा कागद लाल कापडाच्या रुमालात बांधलेला. नावाची चिठ्ठी आत, वर काही लिहिलेलं नाही. दसऱ्याला प्रत्येक गाठीला हळदकुंकू. मालक धवलभाई हसत, पण मागितलेला कागद चहा निवायच्या आत हातात पडे, म्हणून मुकाट बसत.

बाई निवृत्त झाल्या आणि पुढे कारखाना बुडाला. न्यायाधिकरणानं लिक्विडेटर नेमला, म्हणजे उरलंसुरलं विकून ज्याचं त्याला वाटून टाकणारा माणूस. हा सौमित्र प्रधान, ऑफिस सुभानपुऱ्यात. तो म्हणे, कंपनीचं दप्तर मला मिळालेलंच नाही. धवलभाई म्हणत, सगळं ऑफिसात ठेवूनच किल्ल्या दिल्या. दोघांचे वकील मजेत होते.

मधल्या मध्ये अडकली अवंती. कारखान्याच्या लॅबमधली हुशार पोरगी. दहेजला नवी नोकरी ठरलेली, पण शनिवारपर्यंत अनुभवाचा दाखला हवा. तिचे स्वतःचे कागद पुरात लगदा झालेले.

"काकू, दाखला देणारी कंपनीच नाही," ती म्हणाली.

"कंपनी नसेल. कागद आहेत. हेल्मेट घाल."

सौमित्र सभ्य मुलगा, पण कायद्याला चिकटलेला. "दाखला देईन मी, पण रेकॉर्ड बघितल्याशिवाय कसा? आणि बाहेरच्या माणसाला आवारात सोडता येत नाही, बाई. अर्ज करावा लागेल."

"पेन द्या."

अर्ज तिथल्या तिथे लिहिला, थेट दरबारी थाटात. तो वाचून सौमित्रला हसू आवरेना, पण सही केली. "एक अट. कशालाही हात लावायचा नाही. उद्या धवलभाईंचे वकील म्हणतील, कागद बदलले."

"नाही लावत. चला."

कारखान्यातली ऑफिसची खोली उघडली आणि बाई दारातच थांबल्या. फळ्या रिकाम्या. कोपऱ्यात एक मोडका पंखा. अवंती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"मी हेच सांगत होतो," सौमित्र हळू आवाजात म्हणाला.

तेवढ्यात लक्ष्मणभाई, गेटवरचे जुने चौकीदार, अगरबत्तीचा पुडा घेऊन अंगणातून निघाले. "केम छो, बेन?" म्हणाले आणि आवारातल्या माताजीच्या खोलीकडे वळले. बाईंची नजर त्यांच्या बोटांवर गेली. कुंकू.

"लक्ष्मणभाई, माताजीला रोज कुंकू?"

"माताजीने पण, ने पेला पोटलांने पण."

"पोटल्यांनाही? कुठल्या पोटल्या?"

लक्ष्मणभाईंनी शांतपणे सांगितलं. खोलीला सील लागणार होतं, माणसं बूट घालून फिरत होती, आणि कुंकू लावलेल्या लाल पोटल्या जमिनीवर. देवाचं सामान पायदळी कसं जाऊ द्यायचं? उचलून होत्या त्याच क्रमानं माताजीपाशी ठेवल्या. रोज दिवाबत्ती होते.

सगळे माताजीच्या खोलीत आले आणि सौमित्रनं कपाळाला हात लावला. "आमच्या यादीत 'पूजेचं सामान' लिहिलंय. उघडलंच नाही कुणी."

"कोण उघडेल?" बाई म्हणाल्या. "वर काही लिहायला नको का? कुणी बांधलं हे?" मग आठवलं कुणी बांधलं होतं, आणि त्या लगेच म्हणाल्या, "डावीकडचं तिसरं सोडा."

सौमित्रनं चपला काढल्या, लक्ष्मणभाईंना साक्षीला बसवलं आणि रुमाल सोडू लागला. गाठ सुटेना. बाई हात पाठीमागे बांधून उभ्या. "टोक ओढा. ते नव्हे. अहो, दुसरं टोक असतं ना गाठीला, ते." सगळ्यांत जास्त हाल त्यांचेच झाले. शेवटी रुमाल उघडला. अवंतीचं नेमणुकीचं पत्र, बढती, वर्षांमागून वर्षं. अवंती वाचत होती की रडत होती, सांगणं कठीण.

सौमित्रनं तिथेच फोटो काढले, नोंद केली. "दाखला संध्याकाळी घेऊन जा. आणि धवलभाईंनाही फोन करतो. ते खोटं बोलत नव्हते."

"तुम्हीही नव्हतात. वकिलांना मात्र वाईट वाटेल."

मग तो रुमाल बांधायला बसला. इकडून कोंबला तर तिकडून कागद बाहेर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यानं मान वर केली. "बाई, जरा बांधून देता?"

"हात लावायचा नाही म्हणालात ना?"

"म्हणालो होतो."

"मग अर्ज करा," वसुंधराबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून खाली बसल्या.