तोंडपाठ डोळे

आमचे हे आयुष्यात कुठल्याही परीक्षेत नापास झालेले नाहीत, आणि आमच्या घरातलं सगळ्यात जुनं दुखणं तेच आहे. शाळेत पास, आयटीआयला पास, साकीनाक्याच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले तिथे दुसऱ्यांचा माल नापास करत करत स्वतः पास. रिटायर झाल्यावर शुगरची टेस्ट असली की आधी दोन दिवस भात बंद, गोड बंद, बागेत चार फेऱ्या जास्त. रिपोर्ट चांगला आला की त्याच संध्याकाळी जिलबी. मी म्हणायचे, अहो, टेस्ट तब्येत कळायला असते, वर्गात नंबर काढायला नाही. पण ऐकतील तर ते हे कसले.

मोतीबिंदू निघाला तो दोन्ही डोळ्यांत. पुण्याला असलेल्या आमच्या मुलीने कुठून कुठून माहिती काढली आणि फोनवर सांगितलं की हल्ली एक नवीन लेन्स आलीय, ती डोळ्यात बसवल्यानंतरही तिचा नंबर बदलता येतो. ऑपरेशन होऊन काही आठवडे गेले की डोळ्यावर एक खास प्रकाश टाकतात आणि आतल्या आत लेन्स हवी तशी जुळवतात. मग घरी जायचं, चार दिवस वापरून बघायचं, नाही पटलं तर पुन्हा थोडं इकडे तिकडे. मनासारखं जमलं की शेवटचा प्रकाश टाकून लॉक. एकदा लॉक झालं की मग तिच्यात काही फिरवता येत नाही, जन्मभर तेच. मुलगी म्हणाली, बाबांना शर्टसुद्धा दोनदा अल्टर केल्याशिवाय पटत नाही, ही लेन्स त्यांच्यासाठीच निघालीय. मलाही ते पटलं.

ऑपरेशन घाटकोपरच्या एका क्लिनिकमध्ये झालं, छान झालं, कुठे काही दुखलं खुपलं नाही. भानगड झाली ती गॉगलची. लेन्सला उन्हातले किरण लागले तर तिचा नंबर आपोआप फिरायचा, म्हणून लॉक होईपर्यंत क्लिनिकने दिलेलाच चष्मा लावायचा. बाहेर जाताना काळा, घरात पांढरा, जागं असेपर्यंत काढायचं नाव नाही. आता मुलुंडमध्ये साध्या सोसायटीत राहणारा, हाफ शर्टाच्या खिशात पेन लावणारा माणूस एकदम काळा गॉगल घालून दूध आणायला निघाला तर लोक सोडतील? वॉचमनने सलाम ठोकायला सुरुवात केली. सेक्रेटरींनी विचारलं, काका, शूटिंग कुठे आहे आज. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना वाटलं यांचे डोळे आलेत, त्या नातवाला उचलून लिफ्टमधून बाहेरच पडल्या. माझ्या भाचीच्या मुलीचं बारसं झालं, त्याच्या प्रत्येक फोटोत पुढे बाळ, बाळाची आई आणि मागे एक डॉन.

हे वैतागले. मला म्हणाले, हे लवकर संपवलं पाहिजे. मी म्हटलं, संपेल हो, घाई काय आहे. यांच्या त्या वाक्याकडे मी तेव्हा नीट लक्ष द्यायला हवं होतं.

पहिल्या प्रकाशानंतर तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, आमच्या मुलीच्या वयाची, अगदी लाघवी. खुर्चीत बसवून समोरच्या पडद्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. वर मोठी, खाली बारीक होत गेलेली, आपली मराठी अक्षरं. वरची ओळ यांनी सावकाश वाचली, मधली चाचरत वाचली आणि सगळ्यात खालची, मला मागच्या बाकावरून मुंग्यांसारखी दिसणारी ओळ, धाडधाड म्हणून टाकली. र, न, ग, प, ल, म. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. त्यांचं मशीन थोडा वेगळा आकडा सांगत होतं म्हणे, पण पेशंटला दिसतंय ना, मग तेच महत्त्वाचं. त्यांनी सांगितलं की पुढच्या वेळी असंच असेल तर लॉक करून टाकू. हे इतके फुलले की बाहेर पडल्यावर मला विचारून, माझ्या पसंतीचा उसाचा रस पाजला.

आणि त्याच आठवड्यात मुलुंडच्या भाजीबाजारात यांनी एक दुधी, अर्धा किलो फरसबी आणि माझी पर्स दुसऱ्याच बाईच्या हातात दिली. तिच्या अंगावर माझ्यासारखीच हिरवी साडी होती, एवढंच साम्य. मी चार पावलांवर टोमॅटो निवडत होते. ती बिचारी दुधी धरून उभी, हे तिला म्हणतायत, चल गं, घरी आणखी कामं आहेत. मी जाऊन पर्स सोडवली. चोर तो चोर वर शिरजोर, घरी येताना मलाच म्हणाले की एकाच रंगाच्या साड्या नेसता कशाला तुम्ही बायका.

उभी हयात मी शाळेत शिकवलंय, परीक्षेला सुपरव्हिजन केलंय. मुंग्यांएवढी अक्षरं वाचणाऱ्या माणसाला चार पावलांवर बायको ओळखू येत नाही, हे गणित कुठेतरी चुकत होतं. दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या दाराशी टॉवेल द्यायला गेले तर आतून नेहमीच्या स्तोत्राऐवजी पुटपुटणं ऐकू आलं. र, न, ग, प, ल, म. मग उलटं. म, ल, प, ग, न, र.

माझ्या सगळं लक्षात आलं. क्लिनिकमधली मुलगी नंबर काढताना डोळ्यापुढे वेगवेगळ्या काचा धरते. एखाद्या काचेतून खालची ओळ क्षणभर लख्ख दिसते. तेवढ्यात यांनी पाठ केली, आणि नंतर काच नसताना म्हणून दाखवली. कॉपी. सत्तरीला टेकलेला, तीस वर्षं लोकांनी बनवलेले पार्ट केसभर फरकासाठी परत पाठवणारा माणूस, आणि स्वतःचे डोळे तोंडपाठ करून पास करून घेतोय. पुढच्या खेपेला त्या पाठांतरावर डॉक्टर लॉक करणार, आणि मग हा माणूस मरेपर्यंत दुसऱ्यांच्या बायकांना दुधी देत फिरणार. मला रागाने घाम फुटला आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. घरी भांडून उपयोग नव्हता, ते कबूलच झाले नसते. कॉपी वर्गातच पकडायची असते.

लॉकच्या दिवशी रिक्षात हे गुणगुणत होते. मी बाहेर रस्त्याकडे बघत होते. क्लिनिकमध्ये पुन्हा तीच खुर्ची, तोच पडदा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हां काका, सगळ्यात खालची ओळ. यांनी छाती फुगवून श्वास घेतला. मी उठून उभी राहिले.

"डॉक्टर, पेपर बदला."

डॉक्टरीणबाईंना कळेना. मी म्हटलं, ही ओळ यांची पाठ आहे, दुसरी अक्षरं लावा. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा यांच्याकडे, आणि बटण दाबलं. पडद्यावर नवीन अक्षरं आली. यांचा चेहरा पडला. माझ्या वर्गात असे कितीतरी चेहरे मी पाहिलेत, पण त्यातल्या एकाचंही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. शेवटी म्हणाले, वरच्या दोन ओळी दिसतायत, बाकी सगळं दह्यासारखं आहे.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तिथे माझ्यासारखी मास्तरीण असती तर ऐकवलं असतं चांगलं. त्यांनी फक्त विचारलं की काका, असं का केलंत. यांनी गॉगलचं सांगितलं, सलाम सांगितला, बारशाचे फोटो सांगितले. आणि हळू आवाजात म्हणाले, आता या वयात नापास व्हायला नको वाटलं.

मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि जे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं. कोणी पेपर वाचायला म्हणतं, कोणी टीव्ही, कोणी गाडी चालवायला. तुम्हाला नक्की काय स्वच्छ दिसायला हवंय? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, त्यांनी हाताने थांबवलं. हे विचार करत बसले. मला वाटलं, क्रिकेटचा स्कोअर म्हणतील.

"मी बाहेरून येतो, दारात चपला काढतो," हे म्हणाले, "तेव्हा ही ओट्यापाशी उभी असते. तिथून हिचा चेहरा दिसायला पाहिजे. रागावलीय की नाही ते आधी कळलं म्हणजे तसं आत यायला बरं."

काचा धरणारी मुलगी खुदकन हसली. डॉक्टरीणबाईंनी अंतर विचारलं, यांनी सात-आठ फूट सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, तिथे लावू, लांबचंही बऱ्यापैकी दिसेल, फक्त पेपर वाचायला साधा चष्मा लागेल. मला इतका राग आला होता. चारचौघांत बायकोची अशी अब्रू काढतात का? मी तर परतीच्या रिक्षात बोलणारच नाही असं ठरवलं होतं.

पण रिक्षा हायवेला लागली आणि मला आठवायला लागलं. गेली दोन वर्षं हा माणूस रोज दारात थांबून विचारायचा, काय गं, काय झालं? मी म्हणायचे, काही नाही. परत विचारायचे, नक्की ना? मग मात्र मी खरंच चिडायचे, म्हणायचे, काय कटकट लावलीय रोजची. मला वाटायचं, म्हातारपणी चिकटपणा वाढलाय. त्यांना माझा चेहराच दिसत नव्हता. नुसता आवाज ऐकून अंदाज बांधत आत येत होते. मी विक्रोळीपर्यंत नाक पुसत बसले. यांनी काळ्या गॉगलमधून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, धूळ आहे.

त्यानंतर आणखी दोनदा प्रकाश टाकला. यांनी दर वेळी नवीन ओळ वाचली, अडखळले तिथे सरळ दिसत नाही म्हणून सांगितलं. डॉन आणखी थोडे दिवस आमच्या सोसायटीत राहिला. शेवटी लॉक झालं, गॉगल क्लिनिकच्या पिशवीत गेला.

दोन दिवसांनी संध्याकाळी यांना कोथिंबीर आणायला पाठवलं. तासाभराने आले ते गप्पा मारून, रिकाम्या हाताने. मी ओट्यापाशीच होते. मी माझा शाळेतला चेहरा लावला, ज्या चेहऱ्यासमोर साठ मुलं श्वास धरून बसायची आणि हे लग्नापासून उंबऱ्यातच घुटमळायचे. यांनी एक चप्पल काढली, दुसरी तशीच ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. काय झालं म्हणून विचारलं नाही.

"खोटं आहे," म्हणाले आणि दुसरी चप्पल काढून आत आले.

मी पटकन ओट्याकडे तोंड फिरवलं आणि चहाचं आधण ठेवलं, कारण मला हसू आवरेना, आणि आता ते त्यांना दिसलं असतं.