शेळीखालचे कोकरू

शेळीचा एक मागचा पाय मी धरला होता. दुसऱ्याने तिने मला लाथ मारली.

"आवं ताई, दोन्ही धरा की," कलाबाई म्हणाल्या. मेंढरे त्यांची, शेळी त्यांची. चूक माझी.

सकाळी साताऱ्याहून निघालो, मी आणि शबाना. ती सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पुसेगाव, दहिवडी, म्हसवड, आटपाडी. रस्ता चांगला. माण तालुक्यात सावली कमी, पाणी जास्त घ्या. दहिवडीत मटण-भाकरी खाल्ली. स्वस्त आणि जहाल.

"शेळीचं की मेंढीचं?" शबानाने विचारले. मला चवीवरून कळेना. मग गाडीत शिकवणी झाली. शेळीची गुणसूत्रे साठ, मेंढीची चौपन्न. फार पूर्वी मेंढीच्या पूर्वजांत काही गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली. आतला मजकूर बराचसा तोच, बांधणी बदलली. अशी जोडतोड, उलटापालट लाखो वर्षे चालते आणि एका जातीच्या दोन जाती व्हायला हातभार लावते.

"म्हणजे प्रकरणं तीच, खंड कमी," मी म्हणाले. मी मराठी शिकवते. मला सगळ्याचे पुस्तकच दिसते.

आटपाडीच्या अलीकडे माळावर एक कोकरू शेळीला पिताना दिसले. मी ओरडले, "संकर! गाडी थांबव!" आणि कॅमेरा घेऊन धावले. शेळी बिथरली, कोकराला लाथाडून लांब गेली.

"आय मेली ह्या कोकराची," कलाबाई म्हणाल्या. "दोन दिस झटून आत्ता कुठं शेळीनं जवळ केलं हुतं. आता न्हाई पाजलं तर ह्ये जगतंय व्हय?"

शबाना मागून आली. "अगं शहाणे, दूध पाजणारी दाई आहे ती. शेळी-मेंढीचा गर्भ सहसा टिकतच नाही, बांधणी जुळत नाही म्हणून. पण तू खंड मोजत बसलीस."

म्हणून मी पाय धरले. कोकराने तोंड लावले की शेळी खाली बसे. दिवस मावळेपर्यंत त्याच्या पोटात जेमतेम दोन घोट गेले.

"आता तुमी जावा," कलाबाई म्हणाल्या. "तुमी गेल्याबगर ती गप व्हायची न्हाई."

आटपाडीत लॉजवर मुक्काम केला. खोली स्वच्छ, डास भरपूर. कॅमेऱ्यात एकच फोटो होता, माझ्या बोटाचा. लाथ बसलेला गुडघा हे लिहितानाही निळा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला निघण्याआधी त्या माळापाशी गेलो. "उतरायचं नाही," शबाना म्हणाली. मी उतरले नाही. शेळी उभी होती, तिला कोणी धरले नव्हते. एका बाजूने तिचे करडू पीत होते, दुसऱ्या बाजूने कोकरू. दोन्ही शेपट्या हलत होत्या.