धाप सईची, धडधड माझी

श्वासाचा त्रास असलेलं लेकरू घरात असलं की किस्से आपोआप साठत जातात. घडताना रडू येतं, सांगताना हसू. सर्दी जाते, किस्सा राहतो!

*

माझी लेक सई दोन वर्षांची. तिला पहिल्यांदा धाप लागली, तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'डिस्प्निया'. मी एम.एस्सी., बी.एड.! रिक्षा मिळेपर्यंत मोबाईलवर नको नको ते वाचलं आणि रडतच परत केबिनमध्ये.

"डॉक्टर, तिला डिस्प्निया झालाय?"

"अहो, म्हणजे श्वास घ्यायला त्रास. तुम्हीच तर सांगितलं. मी फक्त इंग्रजीत लिहिलं!"

*

वाफ द्यायला दवाखान्यात बाकड्यावर नंबर लागतो. शेजारी औशाची एक बाई, मांडीवर लेकरू.

"पहिलंच हाय का?"

"हाव. कसं ओळखलंत?"

"माझं तिसरं हाय. मी बसलेय, तुम्ही मघापासून उभ्याच हायेत!"

*

वाफेचा मास्क दिसला की सई किंचाळते. म्हणून निलंग्याहून आलेल्या सासऱ्यांनी तो आधी स्वतःच्या मिशांवर लावला. "बघ माय, कसं गार गार लागतंय!" सई मन लावून बघत बसली. सिस्टर आल्या तोवर औषध संपलेलं.

"आजोबा, हे काय?"

"लई मोकळं वाटायलंय बघा!"

*

"शंका आली तर तिच्या छातीचा व्हिडिओ पाठवा," डॉक्टर म्हणाले होते. मला शंका रोजच येते. एकदा उत्तर आलं, "सईचा श्वास उत्तम. व्हिडिओत धाप ऐकू येते ती तुमची. पाणी प्या."

*

मागच्या महिन्यात मात्र सईची छाती खरंच भरली, ॲडमिट करावं लागलं. घरी आणल्यावरही माझा डोळा लागेना. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची.

सासूबाई वैतागल्या. "झोपू दे की तिला! श्वास काय पळून चाललाय का? शिकून येडी झालीस बघ!"

एका दुपारी सईला थोपटता थोपटता मीच गाढ झोपले. कधीतरी नाकाशी लसणाचा वास आला म्हणून डोळे उघडले.

माझ्या नाकाखाली सासूबाईंचं बोट!

त्यांनी झटकन हात पदरात घेतला.

"झोप, झोप. माशी बसली व्हती."