पान बेचाळीस

भुतांवर माझा विश्वास कसा बसणार? झाडीपट्टीच्या नाटकांत तोंडाला पांढरं फासून मीच भूत व्हायचो, आणि विंगेत बसून विडी ओढायचो! पण मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, बालाघाटच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात जे घडलं...

आमच्या कुळाचं पुस्तक करत होतो, लाटेकमध्ये, म्हणजे पानं आपोआप जुळवणाऱ्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये. आधी हयात माणसं, दोघं एका पानावर. शेवटी दिवंगत, त्यांना अख्खं पान — मेल्यावर मान वाढतो ना! प्रत्येक नोंदीला एक लेबल. नाव कुठेही आलं की पुढे ‘पाहा पान अमुक’. आकडा मी टाकत नाही. लेबल शोधून कॉम्प्युटर टाकतो. नाहीच सापडलं तर दोन प्रश्नचिन्हं.

पुस्तक चाळीस पानांचं. खैरलांजीची आत्या नवव्या पानावर, तिच्या लेकासोबत. पण तिच्या नावापुढे आलं — पाहा पान ४१.

पानांचे आकडे लक्षात ठेवणाऱ्या जोडीच्या जुन्या फाइली पुसल्या, प्रोग्रॅम पुन्हा दोनदा चालवला. तेच! मी हसलो.

तीन दिवसांनी धडधाकट आत्या तांदूळ निवडता निवडता गेली. तिची नोंद दिवंगतांच्या शेवटी नेली. ती आपोआप बसली एक्केचाळिसाव्या पानावर.

आणि त्याच वेळी सुधीरपुढे आलं — पाहा पान ४२.

सुधीर माझा भाचा, बहिणीचा एकुलता एक. भरवेलीच्या खाणीत कामाला. पाळीवर निघायची त्याची वेळ झाली होती. मी फोन लावला, “छातीत कळ येऊन राह्यली रे... ये लवकर!” इतकी वर्षं स्टेजवर मेलोय, आवाज अस्सल निघाला.

मोटरसायकल दामटत आला. माझी नाडी धरून बसला.

“मामाजी, हे का जी! तुमची नाडी तं माह्याहून बरी हाय. पाळी बुडली न माह्यी!”

“बस. चहा घे.”

“चार कप झाले जी!”

दिवस मावळेपर्यंत सोडला नाही. त्या पाळीत खाणीत काहीच झालं नाही... कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

तो गेल्यावर फाइल चालवली. सुधीर — पान सतरा. नाचावंसं वाटलं! मग सहज बेचाळीस शोधलं.

माझ्या नावापुढे होतं.

त्यानंतर ती फाइल उघडलेली नाही. बहीण विचारते, “पुस्तक कवा देतं, भाऊ?” प्रुफं चालू आहेत, म्हणतो. हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. सुधीर मात्र रोज फोन करून चिडवतो, “का मामाजी, कळ हाय का आज?”

हल्ली उत्तर देण्याआधी मी छातीवर हात ठेवून बघतो.