पाटीवरचं नाव

अमिरातीतल्या अल ऐनच्या आमच्या नर्सरीत एक गृहस्थ स्ट्रॉबेरीचे नवे वाण काढतात. आपल्या मुलीच्या रंगकामाच्या ब्रशने फुलाफुलावर पराग लावताना मला ऐकवतात, "जर्मनीत एका नर्सरीवाल्याने सगळा जन्म ह्यात घातला, हबीबी. मी त्याचाच वारस!"

वारसाने आजवर एकच वाण काढला, तोही चिंचेसारखा आंबट. नाव मात्र मॅनेजरसाहेबांचं दिलं. साहेबांची बदली झाली, तशी वाफ्यातली वाणाची पाटी पुसून त्यावर नव्या साहेबांचं नाव लिहिलं. मी पोट धरून हसलो होतो.

गेल्या आठवड्यात मी मॅनेजर झालो. दुसऱ्याच सकाळी पाहतो तर पाटीवर माझं नाव! त्यांनी एक स्ट्रॉबेरी पुढे केली. "घ्या साहेब, कशी आहे?"

चावा घेताच माझा एक डोळा आपोआप मिटला.

"साखर आहे, साखर!" मी म्हणालो.