एका क्लिकमध्ये दोनशे अकरा माणसांची नावं बदलली

गुरुवारी सकाळी नेरच्या ऑफिसात मी लॅपटॉप उघडला आणि पहिला फोन लावला... तेव्हाच कळायला हवं होतं की दिवस वाईट जाणार आहे.

यंदा कपाशीवर बोंडअळी एवढी पडली की लोकांनी एकावर एक औषधं मिसळून फवारली. किती जण चक्कर येऊन, डोळे सुजवून दवाखान्यात गेले. आमची संस्था छोटीशी आहे. महिन्यापूर्वी गावोगावी फिरून आम्ही अशा दोनशे अकरा जणांची यादी केली होती... नाव, गाव, फोन नंबर आणि शेवटी डोळ्यांबद्दलचा शेरा.

शनिवारी अमरावतीहून डोळ्यांचे डॉक्टर येणार होते. शेऱ्यात ‘तातडीचं’ लिहिलेले अकरा जण काहीही करून आलेच पाहिजेत, असं त्यांनी बजावलं होतं. त्यांना फोन करायचं काम माझ्याकडे.

तर पहिला फोन. “देवराव आहेत का?” “राँग नंबर.” दुसरा फोन. “शांताबाई आहेत का?” “इथं कोणी शांताबाई नाही.” तिसऱ्याने तर शिवीच घातली. चौथ्या वेळी मला घाम फुटला.

कारण आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या संस्थेचे सर जाता जाता म्हणाले होते, “यादी जरा नावाच्या क्रमाने लावून ठेवा.” मी नावांचा कॉलम सिलेक्ट केला, ए टू झेड दाबलं. एक्सेलने काहीतरी विचारलं... बाजूचे कॉलमपण सोबत घ्यायचे का वगैरे. बस चुकेल म्हणून मी न वाचताच ‘निवडलंय तेवढंच’ या पर्यायावर क्लिक केलं, सेव्ह केलं, बंद केलं.

म्हणजे नावं तेवढी हलली आणि बाकी सगळं जागच्या जागी! देवरावच्या पुढे भलत्याचाच नंबर, शांताबाईच्या पुढे भलत्याच गावाचं नाव. आणि ज्यांचे डोळे खरंच बिघडलेत, ते राँग नंबर म्हणून फोन ठेवून देत होते.

अनडू दाबलं... काही नाही. फाइल एकदा बंद केली की ते विसरायचं. जुनी कॉपी? ठेवलीच नव्हती. कागदी फॉर्म होते, पण सरांच्या गाडीत, आणि सर शनिवारपर्यंत केळापूरला मीटिंगमध्ये, फोन बंद. पाच वर्षं मी एक्सेल वापरतेय, पण वहीसारखं. खरं सांगते, रडायलाच आलं.

आमच्या कुसुमताई टेबलाशी आल्या. गावोगाव फिरून ही सगळी माहिती त्यांनीच गोळा केलेली. त्यांना कॉम्प्युटर येत नाही. माझं रडगाणं त्यांनी शांतपणे ऐकलं.

“नंबर हालला का?”

“नाही.”

“अन् शेरा?”

“तोपण नाही. फक्त नावं.”

“मंग कायले रडून राह्यली वं? नंबर ज्याचा त्याच्यापाशीच हाय. त्यालेच विचार ना, तुहं नाव काय म्हणून!”

इतकं साधं...

आधी ते अकरा फोन लावले. पहिल्या चौघांना परत, माफी मागून. मग राहिलेली नावं लावायची म्हणून उरलेल्या दोनशे जणांना. दोन दिवस, दोन फोन, एक कुसुमताई आणि एक मी. लोक वैतागले ते वेगळंच. “तुम्हीच फोन केला अन् आमालेच नाव विचारता?” रेंज जाते, लॅपटॉप हँग होतो, कोणी शेतात तर कोणी बाजारात. शुक्रवारी दुपारपर्यंत माझा घसा बसला होता.

अशातच एका तांड्यावर फोन लागला. शेरा होता ‘ठीक’. नाव विचारलं तर म्हणाला, “हिरामण.” मी नाव टाइप केलं आणि फोन ठेवणार, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, “ताई, डोयाचं विचारून राह्यल्या का?”

“हो. काही त्रास आहे का?”

“डाव्या डोयाफुढं धुकं येते. आठ दिवस झाले. घरी नाही सांगतलं... बायको फवाराले जाऊ देणार नाही.”

मी त्याला खूप विनवलं. मग कुसुमताईंनी फोन हातातून घेतला आणि विनवलं नाही, सरळ झापलं. “उद्या आला नाहीस तं मी तांड्यावर येतो अन् तुह्या बायकोले सांगतो!”

शनिवारी ते अकराही जण आले. हिरामणही आला, आणि सोबत बायको. त्यानेच सांगितलं होतं म्हणे. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि त्याच दिवशी त्याला अमरावतीला नेलं. बुबुळावर जखम होती, चिघळत चाललेली. काल त्याच्या बायकोचा फोन आला... डोळा वाचेल म्हणतात.

मी मात्र रविवारभर बसून यादी नीट केली. प्रत्येक माणसाला कायमचा क्रमांक दिला. यादीचं टेबल करून टाकलं, म्हणजे सॉर्ट केलं की अख्खी ओळ सोबत हलते. गावाच्या कॉलमला ड्रॉपडाउन लावला, कारण एकाच गावाचं नाव आम्ही तीन तऱ्हांनी लिहिलं होतं! आणि रोज संध्याकाळी तारीख टाकून एक कॉपी. एका दिवसाचं काम... पाच वर्षांत केलं नव्हतं.

तरी मनात एक गोष्ट टोचत राहते. यादी बरोबर असती तर मी अकराच फोन केले असते, आणि हिरामणच्या ओळीत अजूनही ‘ठीक’च लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर शिकायलाच हवं, पण महिन्यापूर्वीच्या शेऱ्यावर विसंबून राहायचं नाही, हे मला कुसुमताईंमुळे कळलं... त्यांचे आभार कसे मानू, समजत नाही.